कोलेस्टेरॉलची औषधे आणि आतड्यातील जिवाणू

रक्तातील कोलेस्टेरॉलचा बहुतेक हिशेब यकृतात ठरतो. पण ते शरीराबाहेर पडते आतड्याच्या वाटेने, आणि त्या वाटेवर अब्जावधी जिवाणूंची वस्ती आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. जेवणानंतर ती पित्तातून लहान आतड्यात उतरतात, अन्नातील स्निग्ध पदार्थ विरघळवतात, आणि त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेली मोठ्या आतड्यात जातात व मळावाटे बाहेर पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला पुन्हा कोलेस्टेरॉल खर्ची घालावे लागते. कोलेस्टेरॉल कमी करणारी बहुतेक औषधे या चक्रात कुठे ना कुठे हात घालतात, आणि आतड्यातील जिवाणूही त्याच चक्रावर जगतात. औषध आणि जिवाणू यांची गाठ पडणे त्यामुळे अटळ होते. ती गाठ ओळखायला मात्र दीडशे वर्षे लागली.

पित्तखड्यातून निघालेला पदार्थ

कोलेस्टेरॉल माणसाला प्रथम सापडले ते पित्ताशयातील खड्यांमध्ये. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पुलतिए द ला साल यांनी हा पदार्थ खड्यांतून वेगळा काढला. पुढे १८१५ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी त्याला ‘कोलेस्टेरिन’ असे नाव दिले. पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे.

१८६२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ ऑस्टिन फ्लिंट (धाकटे) यांनी एक विसंगती नोंदवली. पित्तातून आतड्यात कोलेस्टेरॉल उतरते, पण मळात त्याच्याऐवजी निराळाच पदार्थ आढळतो. त्यांनी त्याला ‘स्टर्कोरिन’ म्हटले. १८९६ मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्वाव्ह बोंजिन्स्की यांनी त्या पदार्थाचा नेटका अभ्यास करून त्याला ‘कोप्रोस्टेरिन’ हे नाव दिले. आज तो कोप्रोस्टॅनॉल म्हणून ओळखला जातो. कोलेस्टेरॉलच्या रेणूतील एका दुहेरी बंधाच्या जागी हायड्रोजन जोडला गेला की कोप्रोस्टॅनॉल तयार होते. हा फरक रेणूच्या आकारात लहान असला तरी शरीराच्या दृष्टीने मोठा आहे, कारण कोप्रोस्टॅनॉल आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही. कोलेस्टेरॉलचे कोप्रोस्टॅनॉल झाले, की त्याचा परतीचा रस्ता बंद होतो.

हा बदल कोण घडवते, हा प्रश्न त्या काळात मागे पडला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले, आणि त्यांच्या रोहिण्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचल्याचे दाखवले. त्यानंतर संशोधकांचे लक्ष रक्त, रोहिणी आणि यकृत यांच्याकडे वळले. मोठ्या आतड्यात काय घडते हा विषय काही मोजक्या प्रयोगशाळांपुरता उरला.

निर्जंतुक उंदरांचा पुरावा

जिवाणूंचा वाटा किती हे ठरवायचे, तर जिवाणू नसलेला प्राणी हाताशी हवा. स्वीडनमध्ये लुंड येथे बेंग्ट गुस्ताफसन यांनी १९४० च्या दशकात असे प्राणी वाढवण्याची पद्धत उभी केली. उंदरांची पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला आणायची, बंदिस्त पेटीत ठेवायची, आणि हवा, पाणी व अन्न निर्जंतुक करूनच आत सोडायचे. या उंदरांच्या आतड्यात एकही जिवाणू नसे.

१९५७ मध्ये गुस्ताफसन, सूने बर्गस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण केलेले कोलिक आम्ल निर्जंतुक आणि साध्या अशा दोन्ही उंदरांना देऊन पाहिले. साध्या उंदरांच्या मळात पित्ताम्लाची रूपे बदललेली होती. निर्जंतुक उंदरांच्या मळात ते यकृताने सोडले त्याच रूपात होते, आणि शरीरातून बाहेर पडण्याचा त्याचा वेग कित्येक पटींनी मंद होता. निर्जंतुक उंदरांच्या मळात कोप्रोस्टॅनॉलही आढळले नाही.

यातून चित्र स्पष्ट झाले. यकृत पित्ताम्लांना ग्लायसिन किंवा टॉरिन ही अमिनो आम्ले जोडून पाठवते. जिवाणू आपल्या विकरांनी ही जोडणी तोडतात. त्यानंतर काही जिवाणू कोलिक आम्लापासून डीऑक्सीकोलिक आम्ल आणि कीनोडीऑक्सीकोलिक आम्लापासून लिथोकोलिक आम्ल बनवतात. यकृतात बनणाऱ्या आम्लांना प्राथमिक आणि जिवाणूंनी घडवलेल्यांना दुय्यम पित्ताम्ले म्हणतात. दुय्यम पित्ताम्लांचा काही भाग पुन्हा रक्तात शिरून यकृतापर्यंत पोहोचतो. म्हणजे यकृताकडे परत येणारा माल जिवाणूंच्या हातून गेलेला असतो. कोलेस्टेरॉलवरच्या औषधांशी जिवाणूंचा जो संबंध पुढे उलगडला, त्याचा पाया या प्रयोगांनी घातला.

निओमायसिन : बरोबर परिणाम, चुकीचे कारण

१९४९ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन आणि ह्युबर्ट लेशेवालिए यांनी निओमायसिन हे प्रतिजैविक शोधले. तोंडाने घेतल्यास ते रक्तात फारसे शोषले जात नाही, आतड्यातच राहते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील पॉल सॅम्युएल आणि आल्फ्रेड स्टायनर यांनी नोंदवले, की तोंडाने निओमायसिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. प्रतिजैविक जिवाणूंना मारते, जिवाणू पित्ताम्लांवर काम करतात. तेव्हा जिवाणू कमी झाल्यामुळेच कोलेस्टेरॉल उतरले असणार, असा अर्थ लावणे साहजिक होते.

हा अर्थ तपासून पाहिला तो बेल्जियममधील लूवेन येथील हेन्ड्रिक आयसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी निओमायसिनच्या रेणूत मिथाइल गट जोडून असे रूप वापरले, की त्याची जिवाणू मारण्याची ताकद जवळजवळ संपली होती. जिवाणूंमुळेच कोलेस्टेरॉल उतरत असते, तर हे रूप निरुपयोगी ठरायला हवे होते. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार कोंबडीच्या पिल्लांमध्ये या रूपानेही कोलेस्टेरॉल उतरले. निओमायसिनच्या रेणूवर धनभार असतो आणि पित्ताम्लांवर ऋणभार. दोन्ही एकत्र आले, की आतड्यात पित्ताम्लांचा साका बसतो, कोलेस्टेरॉल विरघळून शोषले जाण्याची सोय मोडते, आणि ते मळावाटे निघून जाते. मुख्य परिणाम रासायनिक होता. जिवाणूंचा मृत्यू ही त्याच्या जोडीने घडणारी वेगळी गोष्ट होती.

निओमायसिन दीर्घकाळ घेतल्यास श्रवणशक्तीला आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असल्याने कोलेस्टेरॉलचे औषध म्हणून ते रुळले नाही. तरी या प्रकरणाने घालून दिलेली शिस्त मोलाची ठरली. औषधाने जिवाणू बदलले आणि कोलेस्टेरॉलही बदलले, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडले असे म्हणता येत नाही. दोन्ही धागे वेगळे करणारा प्रयोग लागतो. आयसन यांचा प्रयोग तसा होता.

आयसन यांनी विषय सोडला नाही. १९७३ मध्ये त्यांच्याच गटाने उंदराच्या आतड्यातून कोलेस्टेरॉलचे कोप्रोस्टॅनॉल करणारा युबॅक्टेरियम प्रजातीचा जिवाणू वेगळा काढला. फ्लिंट यांनी नोंदवलेल्या विसंगतीमागचा कर्ता अशा रीतीने एकशे अकरा वर्षांनी प्रयोगशाळेच्या बशीत वाढला.

पित्ताम्ले धरून ठेवणारी राळ

निओमायसिनने जे आडवाटेने केले, ते सरळ वाटेने करणारे औषध त्याच सुमारास तयार होत होते. १९५९–६० मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी कोलेस्टिरॅमिन या कृत्रिम राळेचे परिणाम प्रसिद्ध केले. ही राळ शोषली जात नाही. आतड्यात ती पित्ताम्लांना धरून ठेवते आणि मळाबरोबर बाहेर नेते. यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते.

या औषधाची मोठी कसोटी अमेरिकेत झाली. ३,८०६ मध्यमवयीन पुरुषांवर सरासरी ७.४ वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. राळ घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका किंवा त्याने येणारा मृत्यू यांचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. कोलेस्टेरॉल उतरवले तर हृदयविकार कमी होतो, याचा हा भक्कम पुरावा ठरला. मात्र औषध मोठ्या मात्रेत भुकटीच्या रूपात घ्यावे लागे, आणि बद्धकोष्ठ व पोटफुगी यांमुळे अनेकांना ते सोसत नसे.

राळेमुळे मोठ्या आतड्यात जाणाऱ्या पित्ताम्लांचे प्रमाण आणि स्वरूप बदलते, आणि पित्ताम्ले काही जिवाणूंना मारक, तर काहींना पोषक असतात. म्हणून या औषधाने जिवाणूंची घडीही बदलते. त्या काळात मात्र मोजमापाचा विषय रक्तातील कोलेस्टेरॉल एवढाच होता.

बुरशीने दिलेले औषध

कोलेस्टेरॉलवरच्या उपचारांना खरी कलाटणी दिली ती जपानमधील अकिरा एन्डो यांनी. १९३३ मध्ये अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या एन्डो यांच्यावर अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या चरित्राचा ठसा होता. बुरशीपासून पेनिसिलिन मिळते, तर यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थही बुरशीत मिळेल, असा त्यांचा तर्क होता. एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर या निर्मितीचा वेग ठरवते. काही सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी याच मार्गाने बनणारे पदार्थ लागतात. तेव्हा त्यांच्याशी झुंजणाऱ्या एखाद्या बुरशीने हे विकर अडवणारे शस्त्र घडवले असणार, असे त्यांनी धरले.

१९७१ पासून सांक्यो कंपनीत एन्डो यांनी सुमारे ६,००० प्रकारच्या सूक्ष्मजीवांची तपासणी केली. क्योतो येथील धान्याच्या दुकानातल्या तांदळावरील पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीतून १९७३ मध्ये हवा तो पदार्थ मिळाला. तोच काम्पॅक्टिन. उंदरांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल त्याने उतरले नाही, आणि काम बंद पडण्याच्या बेतात होते. मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि त्यांचे कोलेस्टेरॉल झपाट्याने खाली आले. १९७८ मध्ये ओसाका येथे अकिरा यामामोतो यांनी आनुवंशिक कारणाने कोलेस्टेरॉल फार वाढलेल्या रुग्णांना हे औषध दिले.

काम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही. मर्कच्या आल्फ्रेड अल्बर्ट्स यांच्या गटाने १९७८ मध्ये अस्परजिलस टेरियस या बुरशीतून लोव्हास्टॅटिन वेगळे केले, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेले ते पहिले स्टॅटिन, म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज अडवणारे औषध, ठरले. सांक्योने प्रव्हास्टॅटिन आणले. त्याच्या निर्मितीत बुरशी आणि जिवाणू दोघांचा हात होता: पेनिसिलियमने काम्पॅक्टिन बनवायचे आणि स्ट्रेप्टोमायसिस कार्बोफिलस या जिवाणूने त्यावर एक हायड्रॉक्सिल गट बसवायचा. स्टॅटिनच्या रेणूत जिवाणू बदल करू शकतात, ही गोष्ट औषधाच्या कारखान्यात अशी रोजच्या वापरात होती. रुग्णाच्या आतड्यातही असे काही घडत असेल का, हा प्रश्न पुढे आला तो कितीतरी उशिरा.

१९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यानंतर स्टॅटिन हे जगात सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झाले. वापर वाढला तसा एक अनुभव डॉक्टरांना वारंवार येऊ लागला. तेच औषध, तीच मात्रा, तरी एकाचे एलडीएल (अपायकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल) निम्म्यावर येते आणि दुसऱ्याचे थोडेच हलते. एकाला काहीच त्रास होत नाही, दुसऱ्याचे स्नायू दुखतात. जनुकांतील फरकांनी यातला काहीच भाग उलगडला.

औषध बदलणारे जिवाणू

आतड्यातील जिवाणू औषध बदलू शकतात, याची जाणीव हृदयरोगाच्या क्षेत्राला दुसऱ्या एका औषधाने करून दिली होती. १९८१ मध्ये न्यूयॉर्कमधील जॉन लिंडनबॉम यांच्या गटाने दाखवले, की डिगॉक्सिन घेणाऱ्या सुमारे दहा टक्के रुग्णांच्या आतड्यातील जिवाणू या औषधाचा मोठा भाग निष्क्रिय करतात. अशा रुग्णांना प्रतिजैविक दिले, तर रक्तातील डिगॉक्सिनची पातळी अचानक वाढू शकते. पुढे एगर्थेला लेन्टा हा जिवाणू यामागे असल्याचे ठरले.

स्टॅटिनकडे हा विचार वळायला तीन दशके गेली. लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन गिळले जातात तेव्हा निष्क्रिय असतात. त्यांच्या रेणूतील लॅक्टोन नावाचे कडे उघडले, की औषध कामाला लागते. हे काम यकृत व रक्तातील विकरे करतात. २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी दाखवले, की माणसाच्या व उंदराच्या मळातील जिवाणूही लोव्हास्टॅटिनचे रूपांतर करतात, आणि प्रतिजैविके दिलेल्या उंदरांच्या रक्तात औषधाचे सक्रिय रूप कमी प्रमाणात पोहोचते.

त्याआधी, २०११ मध्ये, अमेरिकेतील रिमा कद्दूरा-दौक आणि सहकाऱ्यांनी सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातील पित्ताम्ले मोजली होती. उपचार सुरू होण्यापूर्वीची काही दुय्यम पित्ताम्लांची पातळी आणि नंतर एलडीएल किती उतरते, यांत संबंध दिसला. यकृताच्या पेशींत स्टॅटिन आणि पित्ताम्ले यांना आत घेणारी काही वाहक प्रथिने सामाईक आहेत. जिवाणूंनी घडवलेली पित्ताम्ले याच दारातून औषधाच्या प्रवेशावर परिणाम करत असावीत, असा अंदाज या अभ्यासाने मांडला.

दुहेरी नाते

एकविसाव्या शतकात जिवाणूंची जनुके थेट मळातून वाचण्याचे तंत्र स्वस्त झाले आणि हजारो लोकांच्या आतड्यातील वस्तीची मोजदाद शक्य झाली. २०१८ मध्ये हायडेलबर्ग येथील युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेने हजारांहून अधिक औषधे आतड्यातील ४० प्रकारच्या जिवाणूंवर तपासली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, म्हणजे प्रतिजैविक नसलेल्या, औषधांपैकी २४ टक्क्यांनी किमान एका जिवाणूची वाढ रोखली. २०१९ मध्ये येल विद्यापीठातील गटाने तपासलेल्या २७१ औषधांपैकी सुमारे दोन-तृतीयांश औषधे ७६ जिवाणूंपैकी कोणी ना कोणी बदलत असल्याचे दाखवले. औषध जिवाणूंना बदलते आणि जिवाणू औषधाला, हे आता अपवादाचे उदाहरण उरले नाही.

स्टॅटिनच्या बाबतीत या दुहेरी नात्याची पहिली बाजू २०२० मध्ये पुढे आली, आणि तीही लूवेनमधूनच. येरून रास आणि सहकाऱ्यांनी ८८८ युरोपीय व्यक्तींचा अभ्यास केला. दाहाशी संबंधित आणि उपयुक्त जिवाणूंची उणीव असलेली एक विशिष्ट घडी लठ्ठ व्यक्तींपैकी सुमारे १८ टक्क्यांत आढळली. स्टॅटिन घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींत तीच घडी सुमारे ६ टक्क्यांत होती. स्टॅटिनने जिवाणूंची घडी सुधारली, की स्टॅटिन घेणारे लोक मुळात इतर बाबतींतही वेगळे होते, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. उंदरांवरील काही प्रयोगांत तर स्टॅटिनमुळे जिवाणूंची विविधता घटल्याचे दिसले आहे. निओमायसिनच्या वेळी शिकलेली शिस्त इथे लागू पडते.

दुसरी बाजू २०२२ मध्ये सिअ‍ॅटलमधील इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स बायॉलॉजी या संस्थेने मांडली. बॅक्टेरॉइड्स या गटाचे प्राबल्य आणि कमी विविधता असलेल्या व्यक्तींत स्टॅटिनचा एलडीएलवरील परिणाम अधिक दिसला; पण इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावण्याची खूणही त्यांच्यातच ठळक होती. स्टॅटिनने मधुमेहाचा धोका किंचित वाढतो हे आधीपासून माहीत होते. तो धोका सर्वांना सारखा नसण्यामागे जिवाणूंच्या घडीतील फरक हे एक कारण असू शकते, असे या अभ्यासाने सुचवले.

जिवाणूंनाच औषध करण्याचे प्रयत्न

जिवाणूंच्या मदतीने कोलेस्टेरॉल उतरवण्याची कल्पना स्टॅटिनइतकीच जुनी आहे. १९७४ मध्ये जॉर्ज मान यांनी पूर्व आफ्रिकेतील मसाई लोकांमध्ये आंबवलेल्या दुधाचे भरपूर सेवन करूनही कोलेस्टेरॉल उतरल्याचे नोंदवले. १९८५ मध्ये ओक्लाहोमा येथे स्टॅन्ली गिलिलँड यांनी लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलसचे काही वाण प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉल शोषून घेतात असे दाखवले. २०१४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील गटाने पित्ताम्लांची जोडणी तोडणारे विकर जास्त बनवणारा जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडला, तेव्हा त्यांच्या वजनातील वाढ कमी झाली आणि कोलेस्टेरॉलही घटले.

कोप्रोस्टॅनॉलचा धागाही याच काळात पुढे गेला. १९९४ मध्ये आयोवा येथे डुकरांच्या सांडपाण्याच्या तळ्यातून युबॅक्टेरियम कोप्रोस्टॅनॉलिजेनिस हा जिवाणू मिळाला होता. त्याच्या जनुकांचा माग काढत २०२० मध्ये बोस्टन परिसरातील रामनिक झेव्हिअर यांच्या गटाने ‘इस्मा’ नावाचे जनुक ओळखले. कोलेस्टेरॉलचे कोप्रोस्टॅनॉल होण्याची पहिली पायरी हे जनुक घडवते. ते माणसाच्या आतड्यातील अशा जिवाणूंत सापडले, जे तोवर प्रयोगशाळेत वाढवताच आले नव्हते. ज्यांच्या आतड्यात असे जिवाणू आहेत, त्यांच्या मळात कोलेस्टेरॉल कमी असते, आणि रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलही सरासरीने कमी आढळते.

स्टॅटिनचे मुख्य काम यकृतात चालते आणि त्याचा लाभ मोठमोठ्या चाचण्यांनी सिद्ध झाला आहे. जिवाणूंमुळे त्या लाभाची मात्रा आणि दुष्परिणाम व्यक्तीनुसार कमी-जास्त होत असावेत, असे पुरावे सुचवतात. यातले बहुतेक पुरावे निरीक्षणाचे किंवा उंदरांवरचे आहेत. म्हणून स्टॅटिन द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे आजही रक्तातील एलडीएल आणि रुग्णाचा हृदयविकाराचा एकूण धोका पाहूनच ठरते. मळाच्या तपासणीवरून ते ठरवले जात नाही. तसे व्हायचे, तर रुग्णांचे जिवाणू जाणीवपूर्वक बदलून औषधाचा परिणाम बदलतो का, हे पाहणाऱ्या चाचण्या माणसांवर व्हाव्या लागतील. १९६६ मध्ये कोंबडीच्या पिल्लांवर जिवाणूंचा धागा औषधाच्या धाग्यापासून सोडवून पाहिला गेला. माणसांच्या बाबतीत नेमके तेच काम अजून उरले आहे.